हळदीचं पाणी आणि पांढरा कागद: बायोटेकच्या विद्यार्थ्यांना लॅबमधली सुरक्षितता कशी शिकवावी

जुलैचा दुसरा आठवडा. प्रथम वर्षाची पहिली बॅच लॅबच्या दाराशी उभी आहे. एप्रन नवे कोरे, पाकिटातल्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. भिंतीवर वीस नियमांचा फ्लेक्स आहे. सर किंवा मॅडम तो वाचून दाखवतात, मुलं जर्नलच्या पहिल्या पानावर उतरवून घेतात, खाली सही होते, सुरक्षितता शिकवून झाली. पुढच्याच प्रॅक्टिकलला त्यातली एक मुलगी ग्लोव्ह घातलेल्या हाताने कपाळावरची बट मागे सारते आणि दुसरा मुलगा त्याच हाताने मोबाइलवर वेळ बघतो.

नियम वहीत गेले, हातात उतरले नाहीत, एवढंच झालेलं असतं. मीही पहिली काही वर्षं असंच शिकवलं. आता पहिली तीन प्रॅक्टिकलं मी सुरक्षिततेलाच देते, आणि त्यात मुलं बोलतात कमी, हात जास्त चालवतात. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटते, पण पडत नाही. नंतर फुटलेली काच, बिघडलेल्या प्लेट्स आणि पुन्हा घ्यावं लागणारं प्रॅक्टिकल यांत जाणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो. जे तासिका तत्त्वावर नुकतेच रुजू झालेत आणि ज्यांच्या वाट्याला वीस मुलं आणि चार मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं उपकरण) आलेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

मुलं येण्याआधी: रिकाम्या लॅबमध्ये एक फेरी

कॉलेज सुरू व्हायच्या आठवडाभर आधी लॅबच्या मामांना सोबत घेऊन एक फेरी मारा. मामांना घ्याच. कुठला नळ गळतो आणि कुठल्या सॉकेटमध्ये ठिणगी उडते हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

दोन दारं असतील तर दुसरं दार उघडतं का बघा. बहुतेक ठिकाणी त्याच्यापुढे जुनं कपाट लावलेलं असतं आणि कुलपाची किल्ली ऑफिसात असते. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन सहज निघायला हवी आणि तारीख उलटलेली नको. मेन स्विच आणि गॅसची मुख्य कळ कुठे आहे हे तुम्हाला डोळे मिटून सांगता यायला हवं. डोळे धुण्याची सोय नसेल तर एका नळाला मऊ रबरी नळी लावून संथ धार येईल असं करून ठेवा, आणि तो नळ फक्त त्यासाठीच राखा. प्रथमोपचार पेटीत बहुधा मुदत संपलेलं मलम आणि कात्रीच सापडते, ती नव्याने भरा. फ्रिज उघडा. त्यात कुणाचा डबा किंवा पाण्याची बाटली असेल तर ती त्याच क्षणी बाहेर काढा, मग ती विभागप्रमुखांची का असेना. मुलं आपलं फ्रिज बघून शिकतात, फ्लेक्स वाचून नाही.

मग स्टोअररूम. लेबल गळून पडलेल्या बाटल्या, कुणी कधी मागवलं ते न आठवणारं उपकरण, अशा वस्तूंची यादी करा आणि प्राचार्यांना लेखी द्या. हे कागदी घोडे नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं न वापरता पडून असलेलं एक गॅमा किरणांचं यंत्र २०१० साली भंगारात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं तेव्हा आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, अनेकांना बाधा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. आपल्या स्टोअरमध्ये कोबाल्ट नसतो, पण ‘हे काय आहे कुणास ठाऊक’ अशी एखादी बाटली हमखास असते.

कुठला जीव वापरायचा, हा पहिला सुरक्षा-निर्णय

ग्लोव्ह आणि एप्रन नंतर. शिकवताना सूक्ष्मजीव कुठला घ्यायचा, यातच अर्धं काम होतं. अमेरिकेत ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात साल्मोनेला टायफिम्युरियमची एक साथ नोंदली गेली. ३८ राज्यांत १०९ जण आजारी, एक मृत्यू. माग काढला तेव्हा धागा सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत पोचला, त्यात शिकवण्याच्या प्रयोगशाळाही होत्या. आजारी पडलेल्यांत अशी लहान मुलं होती ज्यांनी लॅबचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरातलं कुणीतरी लॅबमध्ये शिकत किंवा काम करत होतं. पेन, वही, बॅग, मोबाइल या वाटेने जंतू घरी जातात. २०१४ साली तिथे पुन्हा तशीच साथ आली.

म्हणून प्रथम आणि द्वितीय वर्षाला रोगकारक जंतू लागतच नाहीत. ग्रॅम रंजनाला (जंतू रंगवून ओळखायच्या पद्धतीला) बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलाय के-१२ पुरतात. हा के-१२ वाण १९२२ साली स्टॅनफर्डला वेगळा केला गेला आणि इतकी वर्षं लॅबमध्ये वाढून माणसाच्या आतड्यात टिकायची त्याची सवयच मोडली आहे. दह्यातले लॅक्टोबॅसिलस आणि बेकरीतलं यीस्ट तर घरचेच. ‘पूर्वीपासून स्टॅफिलोकॉकस वापरतो’ असं कुणी म्हणालं तर ते कारण धरू नका.

पण निरुपद्रवी म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना, असंही नाही. शिकागो विद्यापीठातले जनुकशास्त्रज्ञ माल्कम कॅसडबन प्लेगच्या जंतूंच्या दुबळ्या केलेल्या वाणावर काम करत. त्या वाणाला लोह मिळवता येत नसे, म्हणून तो धोकादायक मानला जात नव्हता. सप्टेंबर २००९ मध्ये त्याच जंतूंच्या संसर्गाने ते गेले. त्यांना शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार होता आणि तो कुणालाच, त्यांनाही, ठाऊक नव्हता. जंतूला जे कमी पडत होतं ते शरीराने पुरवलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष होता.

यातून मी एक गोष्ट उचलली. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते आणि सांगते: पेनिसिलिनची ॲलर्जी, दमा, फिट येणं, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गर्भारपण, असं काही असेल तर लिहून घडी घालून माझ्याकडेच द्या, वर्गात बोलायची गरज नाही. पेनिसिलिनचं कारण साधं आहे. प्लाझ्मिडच्या (जंतूंमधल्या छोट्या गोल डीएनएच्या) प्रयोगात आपण ॲम्पिसिलिनची भुकटी वजन करतो, आणि ॲलर्जी असलेल्या मुलाने ते करू नये. दर एक-दोन वर्षांनी अशी एक चिठ्ठी येतेच.

पहिलं प्रॅक्टिकल: हळद

आता हळदीचा प्रयोग. साहित्य घरातलंच. दोन चमचे हळद थोड्या स्पिरिटमध्ये घोळून घ्यायची, कपड्यातून गाळायची, मग त्यात पाणी घालून फिकट पिवळं द्रावण करायचं. स्पिरिट असल्यामुळे आसपास बर्नर पेटलेला नको. दुसऱ्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण. वरणाच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येकाने घरी पाहिलेलं असतं. इथेही तेच घडवायचं आहे.

मुलांना सांगायचं: हे पिवळं पाणी म्हणजे तुमचं कल्चर, वाढवलेले जंतू. ग्लोव्ह घाला, टेबलावर पांढरे कागद अंथरा, आणि एका नळीतून दुसरीत मायक्रोपिपेटने वीस वेळा १०० मायक्रोलिटर घ्या. प्रत्येक वेळी वहीत खूण करा. मध्येच मी मुद्दाम एकदा विचारते, ‘किती वाजले?’ आणि एकदा, ‘चष्मा खाली आला का रे?’

वीस खुणा झाल्या की ग्लोव्ह काढायला लावायचे, पण हात धुवायचे नाहीत. मग सोड्याच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायचा: कागदावर, पेनावर, वहीच्या कोपऱ्यावर, मोबाइलच्या कव्हरवर, मनगटावर. तोंडावर मात्र साध्याच पाण्याचा बोळा फिरवायचा आणि सोडा त्या बोळ्यावर टाकायचा. सोडा डोळ्यांजवळ नको, आणि हे करताना गॉगल हवाच.

जिथे जिथे फिकट पिवळं होतं आणि डोळ्यांना दिसत नव्हतं, तिथे लालसर तपकिरी उमटतं. पेनाच्या टोपणावर नेहमी असतं. बहुतेकांच्या वहीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, पान उलटताना बोट लागतं तिथे, अर्धचंद्रासारखा डाग येतो. मागे एका मुलाच्या कानाच्या पाळीवर सापडला होता. तो सगळ्यांना सांगत होता, ‘मी कानाला हातच लावला नाही.’ लावला होता, शेजारणीने पाहिलं होतं.

त्या दिवशी मी नियम सांगत नाही. मुलांनाच विचारते, की या लॅबमध्ये काय बदलायचं. लॅबचं पेन वेगळं, मोबाइल बॅगेत, बॅग बाहेरच्या रॅकवर, ग्लोव्ह घातलेल्या हाताने दाराची कडी धरायची नाही, हे सगळं ते स्वतः सांगतात. ते फळ्यावर लिहायचं आणि तोच आपला फ्लेक्स.

ग्लोव्ह काढणं आणि एप्रन घालणं

घालता सगळ्यांना येतात, काढता येत नाहीत. उजव्या हाताने डाव्या ग्लोव्हला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरायचं, उलटं करत ओढायचं आणि उजव्या मुठीत गोळा करून ठेवायचं. मग डाव्या उघड्या हाताचं बोट उजव्या ग्लोव्हच्या आत, कातडीला लागून घालायचं आणि तोही उलटा करत काढायचा. पहिला दुसऱ्याच्या पोटात जातो. हळद लावलेल्या ग्लोव्हने प्रत्येकाकडून हे तीनदा करून घ्या. आणि ग्लोव्ह काढल्यावर हात धुवायचेच, कारण ग्लोव्हला बारीक भोकं असतात. सॅनिटायझर चोळून लगेच बर्नरजवळ जायचं नाही, हे तर ओरडून सांगावं.

एप्रन सुती, पूर्ण बाह्यांचा, बटणं लावलेला. बाजारात स्वस्त मिळतो तो पॉलिएस्टरचा असतो. पेट घेतला की तो वितळून कातडीला चिकटतो. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी सांगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजने काढत होती. रसायन उडालं. अंगात एप्रन नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. ही गोष्ट मी एवढीच सांगते, रंगवत नाही.

ओढणी घरी किंवा एप्रनच्या आत, केस बांधलेले, पायात बंद बूट. पावसाळ्यात इथे भांडण होतं, कारण सगळे सँडलवर येतात. मी लॅबच्या दाराशी जुन्या कॅनव्हास बुटांची एक पेटी ठेवली आहे. एकदा कुणा भलत्याचे बूट घालावे लागले की पुढच्या वेळी पोरं आपले आणतात. गळणाऱ्या छत्र्या बाहेरच. ओली फरशी आणि हातात काचेचा फ्लास्क ही जोडी मला नको आहे. आणि कँटीनला जाताना एप्रन काढून ठेवायचा. एप्रन घालून वडापाव खाणारा विद्यार्थी फोटोत छान दिसतो, पण फोटोतच.

तोंड, पिपेट आणि ज्योत

तोंडाने पिपेट ओढणं आता कुणी शिकवत नाही असं वाटतं ना? रबरी बल्ब हरवलेला असतो, सर बाहेर असतात, द्रावण ‘फक्त बफर’ असतं. म्हणून बल्ब मोजून द्या आणि मोजून घ्या. काचेचा पिपेट बल्बमध्ये घालताना तो वरच्या टोकाजवळ धरायचा, टोक पाण्याने ओलं करायचं, फिरवत घालायचं. मधोमध धरून रेटला की मोडतो आणि काच तळहातात जाते. लॅबमध्ये हाताला टाके पडण्याचं नेहमीचं कारण हेच.

ज्योतीचा सर्वात ओळखीचा अपघात मात्र स्प्रेडरचा. काचेचा वाकडा स्प्रेडर स्पिरिटमध्ये बुडवायचा, ज्योतीतून काढायचा, थंड करून प्लेटवर फिरवायचा. घाईत मूल काय करतं? जळता स्प्रेडर परत स्पिरिटच्या बीकरमध्ये घालतं. बीकर पेटतो, आणि उजेडात ती निळसर ज्योत धड दिसतही नाही. मग बीकर हातात उचलला जातो, चटका बसतो, हातातून सुटतो, आणि आग टेबलभर पसरते.

यावर उपाय असे: स्पिरिट बोटभरच घ्यायचं, काचेच्या जड बुडाच्या बीकरमध्ये, प्लास्टिकच्या कधीही नाही. बर्नरपासून हातभर लांब. शेजारी स्टीलचं झाकण, बीकरच्या तोंडापेक्षा मोठं. पेटलं तर फुंकायचं नाही, उचलायचं नाही, पाणी ओतायचं नाही, झाकण ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. हे मी स्वतः करून दाखवते, आसपास काही नसताना, अग्निशामक जवळ ठेवून. मग प्रत्येकाकडून न पेटवता, रिकाम्या बीकरवर दहादा करून घेते. दहादा म्हणजे दहादा. घाबरलेला माणूस विचार करत नाही, त्याचा हात ओळखीच्या वाटेने जातो.

टेबल पुसायला ७० टक्के इथेनॉल का, शंभर का नाही, हे मुलांना विचारा. पाणी असल्याशिवाय जंतूंची प्रथिनं नीट बिघडत नाहीत, शुद्ध इथेनॉल वरवर कोरडं करून उडून जातं. पण ७० टक्केही चांगलंच पेटतं. पुसलं की पूर्ण वाळू द्यायचं, मग काडी ओढायची.

लॅमिनार तुमचं रक्षण करत नाही

हे वाक्य मी लॅमिनारवरच, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या कपाटावरच, चिकटवलं आहे. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत आडव्या प्रवाहाचं लॅमिनार असतं. त्यात गाळलेली हवा मागून येते, प्लेटवरून जाते आणि थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. प्लेट वाचते, माणूस नाही. ऊतीसंवर्धनाला ते उत्तम, अज्ञात किंवा रोगकारक जंतूंना अजिबात नाही. त्यासाठी जैवसुरक्षा कपाट लागतं, ज्यात हवा समोरून आत ओढली जाते आणि गाळून बाहेर सोडली जाते. अगरबत्तीचा धूर घेऊन दोन मिनिटं समोर धरा, हवा कुठे जाते ते मुलांना दिसतं. धूर बाहेरच्या बाजूलाच धरायचा, आत फिल्टरकडे नाही.

आतला यूव्ही (अतिनील) दिवा २५४ नॅनोमीटरचा. तो बंद झाल्याशिवाय हात आत नाही. डोळ्यात वाळू गेल्यासारखं दुखणं काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतं, म्हणून मुलांना कारण कळतच नाही.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर

घरचा प्रेशर कुकर आणि ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) यांचं तत्त्व एकच: प्रति चौरस इंच १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस. ज्यांनी घरी कुकर लावलाय त्यांना निम्मं आधीच येतं, आणि त्यात मुलगेही असावेत अशी माझी इच्छा असते.

आधी पाणी हीटरच्या वर आहे ना ते बघायचं. बाटल्या दोन-तृतीयांशच भरायच्या, झाकणं सैल. झाकण बंद करून वाफेची कळ उघडी ठेवायची, आतली हवा निघून वाफेचा सलग झोत येऊ लागला की मगच बंद करायची. आत हवा अडकली तर काटा दाब दाखवतो, पण तापमान तेवढं चढत नाही. १५ पौंड झाल्यापासून १५ ते २० मिनिटं मोजायची, स्विच लावल्यापासून नाही. कल्चरचा कचरा असेल तर जास्त वेळ, निदान पाऊण तास. मग स्विच बंद, आणि काटा आपणहून शून्यावर येईपर्यंत थांबायचं. इथेच सगळे चुकतात. पुढची बॅच उभी असते, कुणीतरी वाफ सोडून देतं, आणि आतलं सगळं मीडियम (जंतू वाढवायचं खाद्य) उकळून बाहेर येतं.

माझ्या उजव्या मनगटावर याची खूण आहे. एम.एस्सी.ला असताना काटा शून्यावर आल्याबरोबर झाकण काढलं आणि आगरचा (मीडियम घट्ट करणाऱ्या पदार्थाचा) फ्लास्क उचलून सहज गरगर फिरवला. द्रव शांत दिसत होता, पण उत्कलनबिंदूच्या वर तापलेला होता. हलवताच फसफसून मनगटावर आला, आणि आगर चिकटतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही. म्हणून आता: काटा शून्यावर, मग झाकण किंचित तिरकं, उघडी बाजू आपल्यापासून लांब, मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. मायक्रोवेव्हमध्ये ॲगारोज वितळवतानाही हेच.

ब्लीच घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही. आणि ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळे पट्टे आले म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, ते फक्त गरम झाल्याची पावती आहे.

सेंट्रिफ्यूज, जेल आणि रसायनं

सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) वजनाने संतुलित करायचं, डोळ्याने नाही. एकात क्लोरोफॉर्म, समोर तेवढंच पाणी, हे संतुलन नव्हे. क्लोरोफॉर्म पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. वेग पूर्ण गाठेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. घरघर आली की लगेच बंद, आणि फिरणं थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

जेलचं टेबल, जिथे विजेने डीएनएचे तुकडे वेगळे करतो ते, वेगळं ठेवा आणि त्याच्याभोवती लाल टेपची चौकट आखा. एथिडियम ब्रोमाइड (डीएनए दिसावा म्हणून घालायचा रंग) डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसतं म्हणूनच चमकतं, आणि म्हणूनच ते हाताला लागू द्यायचं नाही. पदवीच्या वर्गाला शक्य असेल तर कमी घातक रंग घ्या. लाल चौकटीतला ग्लोव्ह चौकटीबाहेर काही धरत नाही, जोडीदार बिनग्लोव्हचा असतो आणि स्विच, दार, पेन तो सांभाळतो. टाकीचं झाकण उघडण्याआधी वीजपुरवठा बंद. यूव्ही पेटीवर जेल बघताना पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी, आणि ग्लोव्ह व बाही यांच्यामधली मनगटाची पट्टी उघडी राहत नाही ना ते बघा. भाजतं ते नेमकं तिथेच.

फिनॉल भाजतं पण कातडी बधिर करतं, त्यामुळे मूल म्हणतं ‘काही होत नाहीये’. त्याचं ऐकायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायला लावायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. आणि एक नेमकं बायोटेकचं: डीएनए काढायच्या तयार किटमध्ये बहुधा ग्वानिडिनचे क्षार असतात. त्या उरलेल्या द्रावणात ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतात. ‘सगळ्यात ब्लीच टाकायचं’ अशी सवय लागलेल्या मुलांना हे आवर्जून सांगावं लागतं.

सांडलं तर: घड्याळ लावून तालीम

तिसऱ्या प्रॅक्टिकलला, काही न सांगता, मी दह्याच्या पाण्याची नळी जमिनीवर पाडते आणि गप्प उभी राहते. पहिल्या वर्षीची प्रतिक्रिया ठरलेली: दोघे हसतात, एक जण खिशातल्या रुमालाने पुसायला वाकतो.

मग पुन्हा, नीट. मोठ्याने ‘सांडलं!’ म्हणायचं. आजूबाजूचे मागे. एप्रनवर उडालं असेल तर एप्रन काढायचा. नवे ग्लोव्ह घालायचे. डागावर जुनं वर्तमानपत्र किंवा टिश्यू अंथरायचं, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीच) कडेकडून मधे ओतायचं, मधून बाहेर नाही, नाहीतर ते पसरतं. वीस मिनिटं थांबायचं. काच असेल तर चिमट्याने, हाताने कधीच नाही. बाजारातलं हायपोक्लोराइट साधारण ४ ते ५ टक्के असतं, त्याच्या एका भागात तीन-चार भाग पाणी घातलं की काम होतं. ते रोज ताजं करायचं आणि बाटलीवर तारीख टाकायची, कारण उन्हात आणि वेळेबरोबर त्याचा दम जातो.

त्याच तासात डोळे धुण्याचा नळ सुरू करून घड्याळ लावते आणि संपूर्ण बॅचला १५ मिनिटं नुसतं उभं करते. चौथ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. डोळ्यात काही गेलं तर एवढा वेळ धुवायचं असतं, हे सांगण्यापेक्षा एकदा उभं राहून कळतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आणीबाणीसाठी ११२ हे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले असावेत, सोबत लॅबचा मजला आणि कॉलेजच्या फाटकाची खूण. फोनवर पत्ता सांगताना माणसं अडखळतात.

कचरा कुणाच्या हातात जातो

फुटलेल्या टेस्टट्यूबने ज्याने फोडली त्याला सहसा लागत नाही, संध्याकाळी डबा रिकामा करणाऱ्या मावशींना लागतं. हे मी मुलांना मावशींसमोर सांगते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम शैक्षणिक संस्थांनाही लागू आहेत. सुया आणि टोकदार वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सुईला टोपण परत लावायचं नाही. काच निळ्यात, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, कल्चर पिवळ्यात, पण कल्चर आणि प्लेट्स आपल्याकडे आधी निर्जंतुक करूनच. परिसरातले नमुने, म्हणजे मोबाइल, नोट, नळ, अशांच्या प्लेट्स टेप लावून बंद ठेवायच्या, ३७ ऐवजी २५ ते ३० अंशांवर वाढवायच्या, आणि बघून झाल्यावर न उघडताच ऑटोक्लेव्हमध्ये. त्यात काय उगवलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि जनुकं जोडण्याचं काम करत असाल तर १९८९चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते, आणि प्लाझ्मिड घेतलेले जंतू बेसिनमध्ये ओतायचे नसतात.

वाचलो वही

दाराशी एक शंभर पानी वही टांगलेली आहे. तिचं नाव मुलांनीच ठेवलं: वाचलो वही. होता होता टळलेला प्रकार त्यात लिहायचा, नाव न लिहिता. ‘स्पिरिट लॅम्पमध्ये चालू असताना स्पिरिट ओतायला गेलो.’ ‘जेलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि मग लाइट बघितला.’ ‘पिपेटची टिप तोंडाने काढली.’ दर शुक्रवारी मी एक नोंद वाचते आणि विचारते, हे पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय हलवायचं, कुठे झाकण ठेवायचं. कुणी केलं हे विचारत नाही. पहिल्या दोन महिन्यांत वही कोरी राहिली तर समजा, मुलं तुम्हाला घाबरतात. काच फोडल्याचे पैसे दंड म्हणून घेत असाल तर तेही थांबवा, कारण दंडाच्या भीतीने तुकडे खिशातून बाहेर जातात.

परीक्षेत मी यासाठी वेगळा प्रश्न विचारत नाही. अंतर्गत प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबमध्ये पाच गोष्टी मुद्दाम चुकीच्या करून ठेवते: एक बिनलेबलची बाटली, लॅमिनारमध्ये चालू राहिलेला यूव्ही दिवा, सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर एक भरलेली आणि एक रिकामी नळी, स्पिरिटचा बीकर बर्नरला चिकटून, आणि दुसऱ्या दारापुढे एक स्टूल. यूव्ही दिव्यावर माझी नजर असते. कामाला लागण्याआधी जो त्या दुरुस्त करतो किंवा मला येऊन सांगतो त्याला दहापैकी गुण. गेल्या वर्षी चार गोष्टी पटापट सापडल्या. स्टूल मात्र तिसऱ्या बॅचपर्यंत तिथेच होतं. शेवटी ते मामांनी उचललं, आणि जाताजाता मला म्हणाले, ‘मॅडम, पोरांना राहू द्या, हे तुम्हीच विसरलात की काय?’